भिंगरीचं मडकं

“आवाज! आवाज कुणाचा थांबला? मधल्या रांगेत कोण खातंय?”

ओट्यावरून गृहपती असे ओरडले, की शेंगांच्या ढिगावरच्या चिमण्या उडाल्या त्या थेट मलकापूरच्या रेल्वेफलाटावर जाऊन उतरल्या असाव्यात. कारण दिवेलागणीपर्यंत काही त्या परतल्या नाहीत. मधल्या रांगेत मीच होतो. गालात दाणा होता, आणि तो गिळावा की जिभेखाली सारावा या पेचात माझे डोळे भोवऱ्यासारखे फिरत होते. तेवढ्यात रांगेच्या टोकाला बसलेल्या उंच पोरानं, दीडकीनं, छाती भरून घेतली आणि सूर लावला,

“साती दीडं—”

“साडेदाऽऽहा!” आम्ही सगळे.

“आठी दीडं—”

“बाऽऽरा!”

त्या गजराच्या आडोशानं माझा दाणा सुखरूप पोटात गेला. गृहपती खुर्चीत टेकले. दीडकीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उपकार केल्यावर माणूस एकदा तरी वळून बघतो की नाही? हा बघायचा नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, असं शाळेत सांगायचे. धामणगाव बढ्याच्या आमच्या बोर्डिंगात मात्र गृहपतींचंच राज्य होतं. उठायची घंटा, बसायची घंटा, जेवताना घास उचलायची घंटा. जेवताना बोलायचं नाही, झोपताना कुशीवर वळायचं नाही. घरी धाडायचा मजकूर फळ्यावर लिहिलेला असे, ‘मी येथे खुशाल आहे’, आणि ताप आलेलं पोरगंही तेच उतरवून घेई. वरण असं, की त्यात डाळ शोधायला तालुक्याहून पाणबुड्या बोलवावा लागला असता. आणि दसरा झाला की गावातल्या व्यापाऱ्यांची शेंगांची पोती बोर्डिंगच्या अंगणात येऊन पडत. शाळा सुटली की ती फोडायची. त्याचं काय यायचं नि कुठं जायचं, ते गृहपती जाणोत. आमच्या वाट्याला नखं सोललेली बोटं यायची.

आता, भुकेली पोरं आणि समोर शेंगांचा डोंगर! पहारा ठेवायचा तर पोरामागे एक पोलीस लागला असता. गृहपतींनी त्यावर असा तोडगा काढला होता, की इंग्रजालाही तो सुचला नसता. फोडताना सगळ्यांनी मोठ्यानं पाढे म्हणायचे. पाढे म्हणणारं तोंड खाऊ शकत नाही. “ज्याचं तोंड बंद, त्याच्या तोंडात दाणा,” हे त्यांचं वचन. ते ओट्यावर डोळे मिटून बसत आणि कानानं राज्य करत. इतर जुलमी राजे प्रजेला गप्प बसवतात. आमच्या राज्यात गप्प बसणं हाच गुन्हा होता.

आणि त्या राज्यातला आमचा म्होरक्या दीडकी.

उंचीनं तो आमच्या दीडपट होता. पंधरा-सोळा वर्षांचा, अजून सातवीत. बोर्डिंगात सगळ्यांना एकाच मापाचा सदरा मिळे. माझा सदरा माझ्या गुडघ्याशी गुजगोष्टी करायचा आणि दीडकीचा त्याच्या बेंबीपर्यंतही पोचायचा नाही. तो वाकून चालायचा. मी एकदा विचारलं, “तू असा वाकून काऊन चालतं बे?” तर म्हणाला, “सदऱ्याले बरं वाटावं म्हनून.” हसला नाही, काही नाही. त्याचे सगळे विनोद असे मयताला आल्यासारखं तोंड करून यायचे.

नव्या पैशांनंतर सरकारनं दीडकी, अडीचकी, म्हणजे दीडाचा नि अडीचाचा पाढा, शाळेतून हद्दपार केली होती. गृहपतींना ते मान्य नव्हतं. पण त्या जुन्या पाढ्यांमध्ये सगळ्यांची गाडी चिखलात रुतायची, एकट्या दीडकीची चालायची. तेव्हा ओळीचा पहिला तुकडा त्यानं म्हणायचा, शेवटचा शब्द आम्ही ओरडायचा, अशी पद्धत पडली. नावही त्यातूनच पडलं. त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यानंच मागं वळून पाहिलं असतं, कोणाला बोलावतायत म्हणून.

आवाज मात्र देवानं त्याला दीडपट नाही, अडीचपट दिला होता. थंडीच्या दिवसांत तो पहाटे ‘एकं दीडं’ म्हणाला, की गावातली कोंबडी आरवायचं रद्द करायची, असं मी त्या काळी पैजेवर सांगत असे. पैज कोणी लावली नाही.

तो डोणगावाकडचा, म्हणजे घाटावरचा. बाप नव्हता, आई नव्हती. एक काका होता. त्या काकानं पुतण्यासाठी जागा बघून ठेवलेली होती. एका मालकाकडे सालदार म्हणून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर गोठ्यातच राहायचं, बैलांआधी उठायचं आणि बैलांनंतर निजायचं. गावच्या मास्तरांनी मध्ये पडून त्याला बोर्डिंगात घातला होता. काकानं एकच अट घातली, सातवी पास झालास तर तुझा तू, नाहीतर मार्च सरला की गोठ्यात. त्या काळी सातवी पास झालेला माणूस मास्तर होऊ शकत असे. दीडकीला मास्तर व्हायचं होतं. दुसरं काहीच व्हायचं नव्हतं.

“मास्तर होऊन काय करशील?” मी विचारलं होतं.

“पोट्टे बसवीन चिचेच्या झाडाखाली. समोर शेंगाचं पोतं सोडीन. पोट्टे खात राह्यतील, आन मी गोष्ट सांगत राहीन.”

“आन पाढे?”

“पाढे म्हशी म्हनतील.”

मी बोर्डिंगात आलो त्या पहिल्या दिवशी रडून असा गोंधळ घातला, की नळगंगेला पूर यावा. बाकीची पोरं लांब सरकली. रडणाऱ्याजवळ बसणाऱ्यालाही छडी पडे. दीडकी येऊन बसला. म्हणाला, “रडू नको बे. इथी रडाची घंटा नाई अजून. झाली का सांगतो तुले.” मी रडता रडता हसलो. त्यावर त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि निकाल दिल्यासारखा म्हणाला, “तुहा आवाज भोंग्यासारखा हाय. तू मह्या जवळ बसत जाय.” तेव्हापासून मी भोंग्या.

गोष्ट कशी सुरू झाली ते कोणालाच नीट सांगता यायचं नाही. एके दिवशी अडीचकी चालू होती. ओट्यावर गृहपतींची मान छातीवर कलली होती. आणि दीडकीनं, सूर तोच, झोका तोच, ठेका तोच ठेवून, म्हटलं,

“एक होतं गाऽव—”

आम्ही बावचळलो. पण जीभ सवयीची. “गाऽऽव!”

“गावाले नव्हती वाऽट—”

“वाऽऽट!”

“राजानं बांधली भिंऽत—”

“भिंऽऽत!”

ओट्यावर गृहपतींची मान त्याच तालावर डोलत होती. ओट्यापर्यंत शब्द पोचतच नव्हते. पोचायचा तो झोका. झोका बरोबर होता, म्हणजे पोरं खात नव्हती, म्हणजे राज्य सुरळीत चालू होतं!

त्या गावात म्हणे पोरांना वाढायची परवानगी नव्हती. दर सोमवारी राजाचे शिपाई काठी घेऊन यायचे आणि पोरं मोजायचे. न विचारता जो वाढला, त्यानं जन्मभर वाकून चालायचं. आणि मूल पहिल्यांदा हसलं, की शिपाई मडकं घेऊन हजर. ते हसू मडक्यात धरायचं, वर झाकण ठेवायचं, मातीनं लिंपायचं आणि मडकं राजाच्या गोदामात न्यायचं. राजाला स्वतःला हसता येत नव्हतं. त्याला भीती होती, की पोरांजवळ हसू राहिलं तर ती एक दिवस त्यालाच हसतील. गोदामात मडक्यांवर मडकी, मडक्यांवर मडकी, गावातल्या साऱ्या पोरांची आणि पोरांच्या बापांचीसुद्धा. बापांनाही कधीतरी हसू होतं, हे पोरांना त्या गोदामामुळेच कळलं.

या गावात भिंगरी नावाची पोरगी होती. एका जागी बसेल तर शपथ. शिपाई तिला मोजायला आले, की ती इतकी गरगर फिरायची की काठीलाच घेरी यायची. या भिंगरीनं ठरवलं, आपलं मडकं आपण परत आणायचं.

शेंगांच्या आख्ख्या हंगामात ती गोदामाकडे निघालेली होती. भिंत ओलांडायला तिला कितीतरी दिवस लागले, कारण मध्येच गृहपतींच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. ते उठले की जुडगा आधी बोलायचा. दीडकीच्या कानाला तो आमच्याआधी ऐकू यायचा, आणि भिंतीवर चढलेली भिंगरी तिथंच लोंबकळत ठेवून तो असा सहज वळायचा, जशी बैलगाडी एका चाकोरीतून दुसरीत जावी.

“भिंतीवर ठेवला पाऽय—”

“पाऽऽय!”

“नवं दीडं—”

“साडेतेऽऽरा!”

गृहपती रांगांमधून फिरून जात. शेंगा बघत, तोंडं बघत. “शाबास. आज उच्चार बरे आहेत. तुमच्या त्या ‘मले-तुले’पेक्षा पाढे बरे. निदान ते तरी शुद्ध आहेत,” असं म्हणून परत ओट्यावर. ते बसले की भिंगरी पुढचा पाय टाकी.

गोष्टीत आणखी एक सोय होती. शेवटचा एकच शब्द ओरडायचा असल्यामुळे मधल्या वेळात दाणा चावायला सवड मिळे. पण गंमत ऐका. पाढ्यांच्या वेळी जीव धोक्यात घालून दाणे खाणारे आम्ही लांडगे, गोष्टीत खायलाच विसरायचो. सोललेला दाणा बोटात, बोट हवेत, आणि तोंड उघडं ते पुढच्या शब्दासाठी. दीडकी स्वतः तर कधीच खात नसे. मी एकदा चांगले टपोरे दाणे त्याच्या मुठीत सरकवले, तर त्यानं ते माझ्याच मांडीवर ठेवले. “सांगनाऱ्याच्या तोंडात दाना नाई चालत. गोष्ट अटकते.”

मी त्याला विचारलं होतं, अगदी हळू, भांडी घासताना, “दीडकी, थ्या गोदामात माहं मडकं हाय का?”

त्यानं राखेचा हात थांबवला. “हाय ना. तुह्या मडक्याले दोन झाकनं लावा लागले शिपायायले. येक तं उडूनच गेलं.”

“आन तुहं?”

“महं?” तो पातेल्याचं बूड घासत राहिला. “भिंगरीले दिसन तवा सांगीन.”

मग तो दिवस आला. ढीग संपत आला होता. उन्हं अंगणातून भिंतीवर चढत होती. भिंगरी उंदराच्या बिळातून गोदामात शिरली. आत ओळीनं मडकी. ती एकेकाला कान लावत चालली. एकातून कोणाच्या तरी आजीचं हसू, एकातून तान्ह्याचं. आम्ही शेवटचे शब्द ओरडत होतो, पण आमचे आवाज उतरत चालले होते, कारण गोदामात मोठ्यानं कोण बोलतं? आणि मग कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागं, एक मडकं.

“मडक्याले लावला काऽन—”

“काऽऽन…”

“भिंगरीनं धरलं झाऽकन—”

आणि आम्ही बोललोच नाही.

एकही नाही. घशात शब्द आला आणि श्वासाबरोबर अडकला. हात थांबले. टरफलांचा आवाज थांबला. मी सांगतो, गावातले बैल रवंथ करायचे थांबले. बाजारात तागडी अर्ध्यावर थांबली. आणि दीडकीसुद्धा थांबला. इतक्या दिवसांत कधी नाही तो थांबला, कारण खरा सांगणारा त्या जागी थांबतोच. तिथं न थांबणारा माणूस गोष्ट सांगत नसतो, पाढा म्हणत असतो.

आमच्या राज्यात शांतता झाली.

“कोण खातंय?” किल्ल्या वाजण्याआधी गृहपतीच आले. “सगळे खाताय! आ करा! आ कर! तू आ कर!”

आम्ही रांगेनं तोंडं उघडली. त्यांनी एकेकाच्या गालात बोट घालून पाहिलं. माझ्या, शेजारच्याच्या, त्याच्या शेजारच्याच्या. कुणाच्याही तोंडात दाणा नव्हता. टोपल्या भरलेल्या होत्या. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती पाहिली. आम्ही खात असतो, तर दोन-दोन छड्या देऊन ते शांत झोपले असते. भरल्या शेंगांपुढं, रिकाम्या तोंडांनी, पोरं गप्प का बसतील?

“चला! म्हणा पुढं! एकापासून!”

दीडकीनं सूर लावला. “एकं दीडं—”

आणि घशात अडकून बसलेला तो शब्द आम्हा सगळ्यांच्या तोंडून एकदमच सुटला,

“झाऽऽकन!”

एका पोराचा नाही, साऱ्या बोर्डिंगचा. असा खणखणीत, की ओट्यावरचा गृहपतींचा पाण्याचा तांब्या वाजला असेल.

“झाकण? कसलं झाकण?”

दीडकी उठला. उठला म्हणजे जरा जास्तच वेळ उठत राहिला. एवढा उंच होता तो. “मी गोष्ट सांगत होतो साहेब. पोट्ट्यायचा गुना नाई.”

“सांग. मला सांग.”

त्यानं सांगितली. गाव, भिंत, काठी, मडकी. मान खाली घालून, सपाट आवाजात, शाळा तपासायला आलेल्या साहेबाला धडा म्हणून दाखवावा तशी. गृहपती ऐकत होते आणि त्यांचा हात नकळत कमरेच्या जुडग्यावर गेला होता.

“हा राजा कोण?”

“कोनी नाई साहेब. गोष्टीतला हाय.”

“गोदामाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आहेत का?”

दीडकीनं गोष्टीत किल्ल्या कुठंच घातल्या नव्हत्या. गोदामाला कुलूपच नव्हतं. भीती होती म्हणून कोणी जात नव्हतं. राजाच्या कमरेला किल्ल्या गृहपतींनी स्वतः बांधल्या. मागल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आणि त्या एका हसण्यानं सगळं ठरलं.

छडी उगारतील असं वाटलं. ती त्यांनी खाली ठेवली. फार मऊ आवाजात, आमच्याशी ते कधीच बोलत नसत इतक्या मऊ आवाजात, ते म्हणाले, “तुझी परीक्षा आहे ना? मार्चपर्यंत राहायचं आहे ना तुला? मग या पोरांना गोष्ट पुरी करून सांग. आत्ता, माझ्यासमोर. भिंगरीनं झाकण काढलं. आत काही नव्हतं. मडकं रिकामं होतं. एवढं म्हण आणि बस पाढ्याला. मी विसरून जाईन.”

एवढंच वाक्य होतं. ‘मडकं रिकामं होतं.’ आम्हीसुद्धा समजलो असतो. आमच्यातला सगळ्यात मठ्ठ पोरगासुद्धा समजला असता, की हे याला म्हणायला लावलंय, हे खरं नव्हे. मी मनातून ओरडत होतो, म्हण बे, म्हणून टाक! सातवी हाय, चिचेचं झाड हाय, म्हण!

दीडकीनं आमच्याकडे पाहिलं. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मला वाटतं तो आमची मडकी बघत होता. त्यानं बोलायला तोंड उघडलं.

मग मिटलं.

“म्हण!”

तो गप्प.

“ज्याचं तोंड बंद…” गृहपतींनी सुरुवात केली, पण पुढचं म्हणता आलं नाही. त्याच्या तोंडात दाणा नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जायचा हुकूम झाला. सदरा बोर्डिंगचा होता, तो काढून ठेवायला लावला. त्याच्या पत्र्याच्या पेटीत एक बंडी होती, ती त्यानं घातली. ती बापाची असावी, कारण ती त्याला बरोबर बसली. गृहपतींनी आम्हाला शेंगांपुढं बसवलं, कुणी फाटकापर्यंत जाऊ नये म्हणून. “पाढे चालू ठेवा,” म्हणाले. आम्ही कोणता पाढा घ्यायचा हे कोणी ठरवलं नाही. म्होरक्याची जागा रिकामी होती. मी भोंग्या, मीच सूर लावला.

“एकं दीडं—”

आणि आम्ही दीडकी म्हटली. बेंबीच्या देठापासून म्हटली. संपली की पुन्हा एकापासून. आवाज कमी झाला म्हणून त्या दिवशी गृहपतींना ओरडावं लागलं नाही. पेटी डोक्यावर घेऊन तो एसटीच्या थांब्याकडे चालला होता. मागं वळून बघायची त्याची सवय नव्हतीच. पण वाड्यांच्या आड होईपर्यंत तो सरळ चालत होता, ताठ, पुऱ्या उंचीनं. तो इतका उंच आहे हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. राजूर घाटातून वर जाणाऱ्या एसटीला त्या दिवशी छपराला खिडकी पाडावी लागली असेल, असं मी संध्याकाळी पोरांना सांगितलं. कोणी हसलं नाही. मलाही पुढं सांगवेना.

पुढं मास्तर मी झालो. तो नाही, मी. देऊळघाटच्या शाळेत बरीच वर्षं काढली. शाळेच्या आवारात चिंचेचं झाड नव्हतं, लिंबाचं होतं. त्याखाली पोरं बसवून मी भिंगरीची गोष्ट सांगायचो. माझी गोष्ट दीडकीच्या गोष्टीपेक्षा भरगच्च. माझ्या भिंतीवर तोफा, माझ्या राजाला तीन मिशा. पण झाकणापाशी आलो, की माझी गंमत संपायची. एका वर्षी मी मडक्यातून फुलपाखरं काढली. एका वर्षी वीज काढली, ती राजाच्या पगडीवर पाडली. पोरं टाळ्या वाजवायची. एक लहानगी मात्र दरवेळी तोंड वाकडं करायची. “गुरुजी, तुमी मनानं सांगून राह्यले,” म्हणायची. पोरांना कळतं.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मेहकरला गेलो असता डोणगावाला उतरलो आणि विचारत विचारत गेलो. “उंचसा? सालदार होता थो? मुका?” एका दुकानदारानं विचारलं. मुका नव्हे, मी म्हणालो, चांगला बोलणारा. “मंग थो नाई,” दुकानदार म्हणाला. पण घर दाखवलं.

तोच होता. मालकाची चाकरी सुटली होती, कुणाची तरी थोडी जमीन वाट्यानं करत होता. अंगणात शेंगांचा ढीग. तो, त्याची बायको आणि तीन पोरं ढिगाभोवती बसून फोडत होते. कोणी पाढे म्हणत नव्हतं. कोणी काहीच म्हणत नव्हतं. नुसता टरफलांचा कटकट आवाज, आणि पोरांच्या चावण्याचा. तिन्ही पोरांचे गाल माकडांसारखे फुगले होते. एकाचे दाणे संपले, की बाप न बोलता आपल्या ओंजळीतले त्याच्या पुढ्यात सारत होता.

“वळखलं का?” मी विचारलं.

“भोंग्या,” तो म्हणाला. “बस.” आणि थोडं सरकून जागा केली. केस पांढरे झाले होते. आता वाकायला त्याला सदरा लागत नव्हता.

मी बसलो आणि बोलत सुटलो. गृहपतींची बदली झाली, बोर्डिंग मोडलं, ओटा पडला, कोण तलाठी झाला, कोण वारला. दीडकी मान हलवत फोडत राहिला. त्याची बायको तोंडाला पदर लावून ऐकत होती. शेवटी मी तिला म्हणालो, “वहिनी, यानं आमाले अशी गोष्ट सांगतली होती, का अख्खं बोर्डिंग शेंगा खायाचं विसरलं!”

“हे?” ती हसायलाच लागली. “गुर्जी, तुमी दुसऱ्या कोनाचं सांगून राह्यले. यायच्या तोंडून दिवसातून दोन शब्द निंघाले तं आमच्या घरी सन असते.”

दीडकीनं वर पाहिलं नाही. धाकट्या पोरीनं मात्र पाहिलं, आधी माझ्याकडे, मग बापाकडे. तिचा जबडा चावायचा थांबला.

उठायची वेळ झाली. एसटी चुकली असती. मी चपला घातल्या, आणि इतकी वर्षं जे घेऊन फिरत होतो ते तिथं, त्याच्या अंगणात, माझ्या तोंडून निसटलं.

“दीडकी, त्या मडक्यात काय होतं बे?”

त्यानं हातातली शेंग फोडली. दाणे पोरीच्या तळहातावर ठेवले. टरफल बाजूला टाकलं.

“काय माईत,” तो म्हणाला. “उघडलंच नाई ते.”